तीव्र परस्परक्रियेच्या क्वांटम वायूंचं सिम्युलेशन : दोन अणूंपासून भरवशाच्या आकड्यापर्यंत

अतिशीत अणूंचा वायू हवेपेक्षा हजारो ते लाखो पटींनी विरळ असतो. तरीही तो फेश्बाख अनुनादाजवळ (चुंबकीय क्षेत्राची अशी किंमत, जिथे अणूंमधली परस्परक्रिया फार तीव्र होते) नेला किंवा प्रकाशाच्या जालकात (लेझरच्या लहरींनी बनलेल्या खळग्यांच्या रांगांत; प्रत्येक खळगा म्हणजे एक साइट) बसवला, की अणू एकमेकांत इतके गुंततात की ‘सरासरी क्षेत्रात फिरणारा एकटा अणू’ हे चित्र कोलमडतं. या चित्रावर उभ्या असलेल्या ग्रॉस-पितायेव्स्की समीकरणाचा तिथे उपयोग होत नाही. लहान राशीच्या घातांत उत्तर मांडायचं म्हटलं तर लहान राशीच सापडत नाही. अशा वेळी संगणकाकडे वळावं लागतं.

ज्यांना पदवीपर्यंतचं क्वांटम यांत्रिकी आणि थोडं पायथन येतं, पण हे काम कुठून सुरू करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. या क्षेत्रातले प्रोग्रॅम क्वचितच अडतात. चुकीचं गणितही ते बिनतक्रार पूर्ण करतात आणि आठ दशांश स्थळांपर्यंत आकडा छापतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक गणित दिलं आहे. ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काय काय लागेल

- १६ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप. पायरी ५ पर्यंतचं सगळं त्यावर होतं. पायरी ६ साठी क्लस्टर किंवा निदान बऱ्याच कोअरचं मशीन हवं.
- पायथन, नमपाय आणि सायपाय. नेमक्या डायगोनलायझेशनसाठी (ऊर्जेची मॅट्रिक्स थेट सोडवण्यासाठी) क्वस्पिन.
- डीएमआरजीसाठी (साखळीची मूलस्थिती मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या रूपात शोधणारी पद्धत) टेनपाय (पायथन) किंवा आयटेन्सर (ज्युलिया आणि सी प्लस प्लस). दोन्ही चांगली आहेत. जी भाषा येते त्यावरून निवडा.
- बोसॉनच्या मॉन्टे कार्लोसाठी (यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढण्याची पद्धत) ‘वर्म’ पद्धतीचा तयार कोड. तो अल्प्स या संचात मिळतो.
- गिट, आणि प्रत्येक रनची नोंद ठेवायला एक वही किंवा फाइल.

## १. आधी प्रश्न, मग पद्धत

कागदावर चार गोष्टी लिहा : किती मिती, बोसॉन की फर्मिऑन, तापमान शून्य की सांत (शून्याहून जास्त), आणि मोजायचं काय. या चार उत्तरांवरून पद्धत जवळजवळ ठरतेच.

एक मिती आणि शून्य तापमान असेल तर डीएमआरजी. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ साली मांडलेली ही पद्धत एका मितीत इतकी समर्थ आहे की दुसरं काही शोधू नका. दोन-तीन मितींतले बोसॉन आणि सांत तापमान असेल तर वर्म मॉन्टे कार्लो. दोन स्पिनांची संख्या समान असलेले, एकमेकांना आकर्षणारे फर्मिऑन असतील तर सहायक-क्षेत्र मॉन्टे कार्लो (यात परस्परक्रियेच्या जागी एक यादृच्छिक क्षेत्र घालून त्याचे नमुने घेतात). स्पिनांची संख्या असमान असेल, किंवा प्रतिकर्षण असून जालक अर्धं भरलेलं नसेल, तर चिन्हाची अडचण समोर येते. धन आणि ऋण पदं एकमेकांना खोडतात, आणि तापमान उतरेल व आकार वाढेल तशी मोजण्याची किंमत घातांकी वेगाने वाढते. ट्रोयर आणि वीझे यांनी २००५ साली दाखवलं की या अडचणीवर सर्वसाधारण, झटपट तोडगा निघण्याची आशा फारशी नाही. पहिला प्रकल्प त्या वाटेवरचा घेऊ नका.

## २. एककं एकदाच ठरवा

जालकावरच्या गणितात दोनच ऊर्जा असतात : अणूची शेजारच्या साइटवर उडी मारण्याची ऊर्जा ‘जे’ आणि एकाच साइटवर दोन अणू आले तर लागणारी ऊर्जा ‘यू’. फर्मिऑनच्या लेखनात उडीला बहुधा ‘टी’ म्हणतात, पण इथे आपण सगळीकडे ‘जे’च म्हणू. जे = १ धरा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत लिहा. बोल्ट्झमन स्थिरांक आणि ऱ्हस्व प्लांक स्थिरांक हेही १.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे परस्परक्रियेच्या पदातला अर्धा. बोस-हबर्ड प्रतिमानात (जालकावरच्या बोसॉनचं ‘जे’ आणि ‘यू’ असलेलं हेच प्रतिमान) ते पद (यू/२) × संख्या × (संख्या − १) असं आहे. काही ग्रंथालयांत तो अर्धा आत घातलेला असतो, काहींत तुम्हाला घालावा लागतो. उडीच्या पदाचंही तसंच : उलट दिशेची उडी आपोआप जोडली जाते, की हाताने जोडायची? दस्तऐवज वाचा, आणि त्यावरही विसंबू नका. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

## ३. दोन अणू, दोन साइट

दोन बोसॉन आणि दोन साइट घ्या. अवस्था तीनच : दोन्ही डावीकडे, एकेक, दोन्ही उजवीकडे. ‘एकेक’ या अवस्थेची ऊर्जा शून्य, बाकी दोघींची यू. ‘एकेक’पासून दोन्ही टोकांना जाणारी उडी −√२ जे. त्यातला √२ बोसॉनच्या निर्मिती-क्रियकातून येतो. ही तीन बाय तीन मॅट्रिक्स हाताने सोडवली की सर्वांत खालची ऊर्जा मिळते :

ऊर्जा = (यू − √(यू² + १६ जे²)) / २

जे = १ आणि यू = ४ घातलं की उत्तर −०.८२८४. आता हेच तुमच्या प्रोग्रॅमकडून काढून घ्या. आकडा वेगळा आला तर चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो :

- −०.४४९५ आलं तर √२ हरवला आहे. उडी मारताना संख्येचं वर्गमूळ गुणलेलं नाही.
- −०.४७२१ आलं तर परस्परक्रियेतला अर्धा गळला आहे. यू प्रत्यक्षात ८ झाला.
- −२.४७२१ आलं तर उलटी उडी दोनदा जोडली गेली. जे प्रत्यक्षात २ झाला.

पाच मिनिटांचं काम आहे. हे वगळून थेट साठ साइटच्या साखळीवर गेलात, तर हीच चूक तिथे सापडायला आठवडा लागेल, कारण तिथे कुठलाच आकडा ओळखीचा नसतो.

## ४. छोट्या साखळीचं नेमकं उत्तर

आता साखळी वाढवा. जितक्या साइट तितकेच अणू घेतले तर अवस्थांची संख्या अशी वाढते : ८ साइटला ६,४३५, १० ला ९२,३७८, १२ ला १३,५२,०७८ आणि १६ ला ३० कोटींच्या वर. १२ साइटची पूर्ण मॅट्रिक्स साठवायची तर साडेचौदा टेराबाइट लागतील. विरळ स्वरूपात, म्हणजे शून्य नसलेले घटक तेवढे ठेवले, तर तीच सुमारे २०० मेगाबाइटमध्ये बसते. त्यामुळे विरळ मॅट्रिक्स आणि लँक्झॉस पद्धत (पूर्ण मॅट्रिक्स न सोडवता टोकाची काही आयगेन-मूल्यंच काढणारी) यांना पर्याय नाही.

सायपायच्या विरळ आयगेन-सॉल्व्हरला काही सांगितलं नाही, तर तो परिमाणाने सर्वांत मोठी मूल्यं शोधतो. यू धन आणि मोठा असेल तर ती नेमकी सर्वांत वरची मूल्यं निघतात, म्हणजे सगळे अणू एकाच साइटवर कोंबलेल्या अवस्थेची. बीजगणिती दृष्ट्या सर्वांत लहान मूल्य हवंय असं स्पष्ट सांगा.

या पायरीवरून दोन गोष्टी जपून ठेवा : ८ आणि १० साइटसाठी, यूच्या तीन-चार किमतींना मिळालेली मूलस्थितीची ऊर्जा, आणि मधल्या साइटवर ०, १, २, ३… अणू सापडण्याची संभाव्यता. पुढच्या प्रत्येक पद्धतीची पहिली परीक्षा याच आकड्यांवर घ्यायची आहे.

## ५. डीएमआरजी : साखळी लांबवणे आणि सलग वायूकडे जाणे

डीएमआरजीत साखळीची अवस्था मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या रूपात ठेवतात. त्या मॅट्रिक्सचा आकार म्हणजे बाँड डायमेन्शन. तो दुप्पट केला की वेळ साधारण आठपट होतो. तपासायच्या खुंट्या चार : प्रत्येक साइटवर जास्तीत जास्त किती अणू मोजायचे, बाँड डायमेन्शन, स्वीपची संख्या (स्वीप म्हणजे साखळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुधारणा करत जाणारी फेरी) आणि साखळीची लांबी. एका वेळी एकच खुंटी फिरवा.

पहिली परीक्षा. साइटवर जास्तीत जास्त एकच अणू येऊ द्या. हे झाले ‘कठीण’ बोसॉन. एका मितीत त्यांची ऊर्जा मुक्त फर्मिऑनइतकीच असते. मोकळ्या टोकांच्या साखळीत ती −२ जे × कोसाइनांची बेरीज, जिथे कोन π/(साइट + १) च्या १, २, ३… पट घ्यायचे, जितके अणू तितक्या पटींपर्यंत. ३२ साइट आणि ८ अणूंसाठी उत्तर −१४.२१०३ जे. डीएमआरजीने हे चार दशांशांपर्यंत सहज द्यायला हवं. दिलं नाही तर पुढे जाऊ नका.

सुरुवातीची अवस्था. अणूंची एकूण संख्या जपणारी सममिती चालू ठेवा. तिने वेळ वाचतो आणि संख्याही घसरत नाही. पण मग सुरुवात कुठून करता याला फार महत्त्व येतं. सगळे ८ अणू डावीकडच्या ८ साइटवर ठेवून सुरुवात केली, तर पद्धत अर्धवट पसरलेल्या अवस्थेत अडकू शकते. ट्रंकेशनची त्रुटी (मॅट्रिक्स छाटताना टाकून दिलेलं वजन) १०^−१२ दिसते, ऊर्जा स्वीपमागून स्वीप जागची हलत नाही, आणि उत्तर तरीही चुकीचं असतं. अणू सारख्या अंतरावर पेरा : १, ०, ०, ०, १, ०, ०, ०… असे. दोन-साइटचा अपडेट वापरा, आणि पहिल्या काही स्वीपमध्ये थोडा ‘नॉइज’ द्या (टेनपायमध्ये त्याला मिक्सर म्हणतात). शेवटच्या स्वीपमध्ये तो बंद करायला विसरू नका.

बाँड डायमेन्शन टप्प्याटप्प्याने वाढवा : २०, ५०, १००, २००, ४००. प्रत्येक टप्प्याची ऊर्जा आणि टाकून दिलेलं वजन नोंदवा. ऊर्जा त्या वजनाविरुद्ध काढली की रेषा बहुधा सरळ येते आणि ती शून्यापर्यंत वाढवता येते. याहून पक्की परीक्षा म्हणजे ऊर्जेचं विचरण : ऊर्जेच्या वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. खऱ्या आयगेन-अवस्थेत ते शून्य असतं. फक्त लक्षात घ्या की एखाद्या वरच्या आयगेन-अवस्थेत अडकलात तरी ते शून्यच दिसेल. म्हणून निदान दोन वेगळ्या सुरुवातींपासून तेच उत्तर येतं का ते पाहा.

ऊर्जा स्थिरावली म्हणजे सगळं स्थिरावलं असं नाही. सहसंबंध (दूरच्या दोन साइट एकमेकींशी किती जुळलेल्या आहेत याचं माप) उशिरा स्थिरावतात. अतिप्रवाही अवस्थेत सहसंबंध अंतराच्या घाताने कमी होतो, पण बाँड डायमेन्शन अपुरं असेल तर लांबच्या अंतरावर तो घातांकी वेगाने पडताना दिसतो. आलेख पाहून ‘मॉट इन्सुलेटर (अणू आपापल्या साइटवर अडकून बसलेली अवस्था) सापडला’ असं वाटतं. ४०० आणि ८०० चे वक्र एकावर एक ठेवा. जिथून ते फाटतात त्यापलीकडचा भाग फिटमध्ये घेऊ नका.

एका मितीतल्या मॉट संक्रमणाबद्दलही सावध राहा. प्रति साइट एक अणू असताना ते यू/जे सुमारे ३.३ ते ३.४ ला घडतं. पण तिथे ऊर्जा-दरी (मूलस्थिती आणि पहिली उत्तेजित अवस्था यांतलं अंतर) घातांकी मंद गतीने उघडते. दरी शून्य कुठे होते ते पाहून जागा ठरवायला गेलात, तर यूची बरीच मोठी किंमत मिळेल. सहसंबंधाच्या घटीचा घात १/४ कुठे होतो ते शोधा, आणि फिटची खिडकी बदलल्यावर उत्तर किती सरकतं तेही लिहा. सरासरी क्षेत्राचं सूत्र एका मितीत यू/जे = ११.७ च्या आसपास सांगतं. एका मितीत त्यावर किती विसंबायचं ते यावरून कळेल.

जालकाकडून सलग वायूकडे. समजा तुम्हाला जालक नकोच आहे. एका मितीतला सलग वायू हवा आहे, म्हणजे लीब आणि लिनिगर यांनी १९६३ साली नेमका सोडवलेला. तो गॅमा या एकाच संख्येने ठरतो. गॅमा शून्याजवळ असेल तर परस्परक्रिया दुबळी, फार मोठा असेल तर टाँक्स-गिरार्दो वायू, म्हणजे ‘कठीण’ बोसॉनचा सलग वायू. जालकाचा उपयोग इथे फक्त जाळी म्हणून आहे, आणि हिशोब सोपा आहे. प्रति साइट सरासरी अणूंना ‘भरण’ म्हणू :

यू / जे = २ × गॅमा × भरण

गॅमा १० हवा असेल तर भरण १/४ ला यू ५, १/८ ला २.५ आणि १/१६ ला १.२५. भरण कमी करत जाल तशी जाळी बारीक होते. प्रति अणू ऊर्जेत आधी २ जे मिळवा, कारण जालकात गतिज ऊर्जेचा तळ −२ जे ला असतो. मग तिला भरणाच्या वर्गाने भागा. जी संख्या येते ती लीब-लिनिगरच्या बिनमिती ऊर्जेशी थेट ताडता येते.

याच भागाकारात सापळा आहे. भरण १/८ असताना भरणाच्या वर्गाने भागणं म्हणजे ६४ ने गुणणं, आणि १/१६ ला २५६ ने. डीएमआरजीच्या ऊर्जेतली ०.०००१ ची चूक अंतिम उत्तरात अनुक्रमे ०.००६४ आणि ०.०२५६ होते. जाळी जितकी बारीक, तितकी मूळ ऊर्जा काटेकोर हवी. त्यातच विरळ साखळीतल्या दऱ्या लहान असल्याने स्वीपही जास्त लागतात. भरण १/४ ला दहा स्वीप पुरले म्हणून १/१६ ला पुरतील असं धरू नका.

जाळीची चूक किती असते ते टाँक्स-गिरार्दो टोकाला कॅल्क्युलेटरवरच पाहता येतं. अनंत लांब साखळीत भरण १/४ ला बिनमिती ऊर्जा ३.१८९९ येते, १/८ ला ३.२६४६. खरं उत्तर π²/३, म्हणजे ३.२८९९. पहिला आकडा तीन टक्क्यांनी कमी, दुसरा पाऊण टक्क्याने. पण चूक भरणाच्या वर्गाबरोबर बदलते हे वापरलं, म्हणजे दुसऱ्याची चौपट घेतली, पहिला वजा केला आणि तीनने भागलं, तर ३.२८९५ मिळतात. दोन भरड जाळ्यांनी मिळून दहा हजारांत एकाची चूक उरली. गॅमा सांत असतानाही ऊर्जा भरणाच्या वर्गाविरुद्ध काढा. रेषा सरळ दिसली तरच हा हिशोब वापरा. वाकडी दिसली तर आणखी कमी भरणाचा बिंदू हवा.

ताडण्यासाठी : गॅमा मोठा असताना बिनमिती ऊर्जा (π²/३) ÷ (१ + २/गॅमा)² च्या जवळ असते. गॅमा १० ला हे सुमारे २.२८ भरतं. नेमका आकडा हवा असेल तर लीबचं समाकल समीकरण गाउस-लजांद्र बिंदूंवर सोडवा. पायथनच्या वीसेक ओळी पुरतात, आणि त्या लिहिताना प्रतिमानही नीट कळतं.

टोकांचा परिणाम घालवण्याची सोपी युक्ती : भरण तेच ठेवून एक साखळी दुप्पट लांब घ्या, दोन्ही ऊर्जांची वजाबाकी करा आणि वाढलेल्या अणूंच्या संख्येने भागा. दोन्ही साखळ्यांच्या टोकांचा वाटा सारखाच असल्याने त्याचा मोठा भाग आपोआप जातो.

साइटवरच्या अणूंच्या मर्यादेसाठी विरळ वायूत ३ ने सुरुवात करून ४ ने तपासा. प्रति साइट एक अणू असताना आणि यू ४ च्या आसपास असताना ५ घ्या. वरच्या टोकाच्या संख्येची संभाव्यता १०^−६ च्या खाली हवी. यू कमी केला की ही मर्यादा वाढवावी लागते. हे हमखास विसरलं जातं, कारण प्रोग्रॅम तक्रार करत नाही.

कालानुसार उत्क्रांती, म्हणजे यू अचानक बदलून पुढे काय होतं ते पाहणं, याच अवस्थांनी करता येते. पण अणूंमधली क्वांटम गुंतवणूक (एन्टँगलमेंट) काळाबरोबर सरळ रेषेत वाढते, म्हणून लागणारं बाँड डायमेन्शन घातांकी वाढतं. एका ठरावीक वेळेनंतर निकाल निरर्थक होतो. ती वेळ टाकलेल्या वजनावरून ओळखा आणि आलेख तिथेच थांबवा.

## ६. तीन मितींतला एकात्म फर्मी वायू

लिथियम-६ चे अणू ८३२ गाउसजवळच्या अनुनादावर नेले की प्रकीर्णन-लांबी (दोन अणूंमधल्या परस्परक्रियेची ताकद सांगणारी लांबी) अनंत होते. अशा वायूला एकात्म म्हणतात. मग वायूत घनतेशिवाय दुसरं मोजमापच उरत नाही. मूलस्थितीची ऊर्जा मुक्त फर्मी वायूच्या ऊर्जेच्या ठरावीक पट होते. तो पट म्हणजे बर्ट्श स्थिरांक. २०११ च्या सहायक-क्षेत्र मॉन्टे कार्लोने तो ०.३७२ दिला, २०१२ च्या लिथियमवरच्या मोजणीने ०.३७६. दोन्हींतली अनिश्चितता ०.००४-०.००५ आहे. तुमच्या कोडचं अंतिम लक्ष्य हेच असू द्या.

यूची किंमत. जालकावर अनंत प्रकीर्णन-लांबी आणायला यू किती हवा? दोन अणूंचं गणित अनंत जालकावर सोडवा. तिन्ही दिशांच्या लहरसंख्यांवर १/(३ − तीन कोसाइनांची बेरीज) याची सरासरी ०.५०५५ येते. ४ ला तिने भागलं की ७.९१. म्हणजे यू = −७.९१ जे. ही सरासरी सलग समाकलाने काढा. १० × १० × १० च्या पेटीवर बेरीज करून काढली, तर शून्य लहरसंख्येचं पद भागाकारात फुटतं. ते गाळलं तर यू चुकतो, आणि सगळा वायू अनुनादापासून बाजूला सरकतो.

चिन्ह. आकर्षण असताना सहायक क्षेत्र घनतेला जोडलं जातं. वर आणि खाली स्पिनांचे डिटरमिनंट समान येतात, त्यांचा गुणाकार हा वर्ग ठरतो, म्हणजे कधीच ऋण नसतो. दोन्ही स्पिनांचे रासायनिक विभव समान असतील तोवरच हे खरं आहे. कोडमध्ये सरासरी चिन्ह नेमकं १ छापलं जातंय ना ते पाहा. ०.९९९ आलं तरी कुठेतरी बग आहे.

एक उदाहरण. १०³ साइट, १०० फर्मिऑन, म्हणजे भरण ०.१. फर्मी ऊर्जा (३π² × भरण) चा २/३ घात, म्हणजे २.०६ जे. अतिप्रवाहाचं संक्रमण तापमान प्रयोगात फर्मी तापमानाच्या ०.१६७ पट मिळालं आहे. त्याच्या थोडं खाली, ०.१५ वर जायचं तर तापमान ०.३१ जे आणि काल्पनिक काळाची लांबी (१/तापमान) सुमारे ३.२. पाऊल ०.०५ ठेवलं तर ६५ काप. हिर्शच्या विभक्त रूपांतरणातला (यानेच परस्परक्रियेच्या जागी सहायक क्षेत्र येतं) स्थिरांक त्या पावलाला ०.६५ यायला हवा. तो आधी छापून बघा.

पावलाची चूक पावलाच्या वर्गाबरोबर बदलते. ०.१, ०.०७ आणि ०.०५ असे तीन रन करून वर्गाविरुद्ध रेषा काढा. मॅट्रिक्सचे गुणाकार दर ८-१० कापांनंतर क्यूआर विघटनाने स्थिर करावे लागतात. नाहीतर मोठे आणि छोटे आकडे मिसळून छोटे पुसले जातात. ग्रीन फलन पुढे सरकवत आणलेलं आणि नव्याने मोजलेलं, यांतला फरक प्रत्येक वेळी छापा. तो १०^−६ च्या वर गेला की स्थिरीकरण जास्त वेळा करा.

सगळ्यांत महाग गोष्ट म्हणजे सलग मर्यादा. इथे जाळीची चूक भरणाच्या घनमूळाबरोबर बदलते. ती निम्मी करायची तर भरण आठपट कमी हवं. अणू तेवढेच ठेवले तर साइट आठपट, मॅट्रिक्सची क्रिया ५१२ पट महाग. फर्मी ऊर्जा चौपट घटते, म्हणून काल्पनिक काळही चौपट लांब. एकूण दोन हजार पटींहून जास्त. एवढी किंमत कळल्यावर बरेच जण एकाच भरणावर थांबतात आणि तोच आकडा ‘एकात्म वायूचा’ म्हणून सांगतात. तो आकडा जालकाचा असतो. तीन भरणं तरी हवीतच. आणि साखळीप्रमाणेच इथेही कोड आधी २ साइटवर नेमक्या उत्तराशी ताडायचा, मगच पेटी मोठी करायची.

## ७. एरर बार खरा आहे का

मॉन्टे कार्लोत लागोपाठचे नमुने एकमेकांसारखे असतात. १०,००० नमुने घेतले आणि सहसंबंध-काळ ५० असला, तर स्वतंत्र नमुने जेमतेम १०० आहेत. साध्या सूत्राने काढलेला एरर बार खऱ्याच्या दहावा हिस्सा निघतो.

उपाय बिनिंग. नमुने २, ४, ८, १६… च्या गटांत बांधून प्रत्येक वेळी एरर बार काढा. तो वाढत जाईल आणि मग सपाट होईल. सपाट झालेली किंमत घ्या. सपाट झालाच नाही तर रन अपुरा आहे, मग सरासरी कितीही देखणी दिसो. भागाकार किंवा वर्गमूळ असलेल्या राशींसाठी जॅकनाइफ (दर वेळी एक गट वगळून राशी पुन्हा काढणं) वापरा. सुरुवातीचे नमुने टाकायचे असतातच. किती, ते ऊर्जेचा काळानुसार आलेख डोळ्यांनी पाहून ठरवा.

## ८. मर्यादांचा क्रम आणि नोंदी

आधी पद्धतीची चूक शून्य करा (बाँड डायमेन्शन किंवा काळाचं पाऊल), मग आकार मोठा करा, शेवटी भरण कमी करा. उलट क्रमाने गेलात तर मोठ्या साखळीतली अपुऱ्या बाँड डायमेन्शनची चूक ‘आकाराचा परिणाम’ म्हणून रेषेत बसते, आणि ती रेषा सुरेख दिसते.

प्रत्येक रनसोबत फाइलमध्ये हे ठेवा : सगळे प्राचल, यादृच्छिक बीज, कोडचा गिट क्रमांक, ग्रंथालयांच्या आवृत्त्या. आलेख काढणारा प्रोग्रॅमही त्याच भांडारात असू द्या. आणि आठ कोअरच्या मशीनवर आठ रन एकदम सोडताना प्रत्येकाला एकच थ्रेड द्या. नाहीतर ६४ थ्रेड आठ कोअरसाठी भांडतात आणि सगळेच रन रखडतात.

## ९. प्रयोगाशी जुळलं नाही तर

शंका या क्रमाने घ्या : एककं, दोन साइटची परीक्षा, साइटवरची अणूंची मर्यादा, पद्धतीची चूक, आकार, तापमान. प्रयोगातला वायू सापळ्यात असतो. मध्यभागी दाट, कडेला विरळ. एकसारख्या घनतेच्या सिम्युलेशनशी थेट तुलना करता येत नाही. निदान स्थानिक घनतेचं गृहीतक (प्रत्येक ठिकाणचा वायू तिथल्या घनतेच्या एकसारख्या वायूसारखा धरणं) वापरून सापळ्यावर बेरीज करा.

एवढं करूनही फरक उरला, तर प्रतिमानात घातलेला ‘जे’ कुठून आला ते पाहा. प्रकाश-जालकाच्या खोलीवरून तो काढण्याचं एक सोपं सूत्र सगळीकडे आढळतं, पण ते फक्त खूप खोल जालकाला लागू आहे. खोली १० प्रतिक्षेप-ऊर्जा (लेझरचा एक फोटॉन शोषताना अणूला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा) असताना ते सूत्र जे = ०.०२२७ प्रतिक्षेप-ऊर्जा देतं. पट्टासंरचना नीट सोडवली तर ०.०१९२ येतात. जवळजवळ अठरा टक्क्यांचा हा फरक यू/जे मध्ये जसाच्या तसा उतरतो, आणि संक्रमणाच्या आसपास तेवढ्यावरून वायू अतिप्रवाही की मॉट हे पालटू शकतं. एका मितीतलं कोसाइन विभवाचं हे गणित २१ समतल लहरींत मावतं. ते स्वतः सोडवा आणि तोच जे वापरा.